चार साखळ्यांवरचा झेंडा

माझे मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातले बांध मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा मुलीने घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर त्यांना वर्ल्ड गोल्फ टूर हा गेम सापडला. खऱ्या गोल्फशी त्यांचा संबंध म्हणाल तर पुण्याला येरवड्याकडून जाताना पूना गोल्फ क्लबचं हिरवं गवत गाडीतून दिसायचं, तेवढाच. पण गेममध्ये त्यांचं मन असं रमलं की संध्याकाळच्या बातम्या बंद झाल्या. मामी त्यावर खूश होत्या की नाही, ते मी विचारलं नाही.

मीही तोच गेम खेळतो. दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा मामांनी तक्रार मांडली. लांबचे फटके जमतात, पट (होलजवळ चेंडू जमिनीवरून ढकलायचा फटका) जमतो, मधलंच जमत नाही. शंभर यार्डांच्या आत आलं (एक यार्ड म्हणजे तीन फूट) की वेज नावाची काठी हातात घ्यायची आणि सगळं विस्कटायचं. "भाचेबुवा, चारशे यार्ड नीट येतो आणि दारात येऊन ठेच लागते," असं त्यांचं म्हणणं. पुढचे तीन महिने आम्ही या एकाच दुखण्यामागे लागलो. त्याची ही हकिगत.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2008 पासून ऑनलाइन असलेला हा गेम खऱ्या मैदानांच्या फोटोंवर खेळतात. स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज, न्यूयॉर्कचं बेथपेज ब्लॅक, साउथ कॅरोलिनाचं किआवा आयलंड अशी मैदानं त्यात आहेत. स्क्रीनवर एक आडवी पट्टी असते. माऊसने ताकद भरायची, हवी तिथे सोडायची, आणि परत येणारी खूण ठरलेल्या रेषेवर आली की क्लिक करायचं. अचूक जमलं की 'डिंग' असा आवाज येतो. चुकलं तर चेंडू डावी-उजवीकडे जातो आणि अंतरही बिघडतं. वेज म्हणजे जास्त कोनाची काठी, चेंडू उंच उडवून मऊ उतरवणारी. एकाच वेजने पूर्ण फटका, पिच (मध्यम उंचीचा, कमी अंतराचा), फ्लॉप (खूप उंच), चिप (बसका) असे वेगवेगळे प्रकार मारता येतात.

पहिला संशय, आणि तो चुकला

मी शहाणपणाने सांगितलं, "मामा, तुमचं डिंग चुकतंय." त्यांचं वय, बिनतारी माऊस, साताऱ्याचं इंटरनेट, सगळं या निदानाला पोषक होतं. वायरचा माऊस आणला. ब्राउझरमधले बाकीचे टॅब बंद करून खेळायची सवय लावली. दोन आठवडे फक्त डिंगचा सराव झाला. डिंग सुधारलं. गुण मात्र तिथेच.

मग मामांनी खात्यातली जुनी सवय काढली. वाद मिटत नसेल तर आधी मोजणी करायची. शंभरपानी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या आणि 20 ते 100 यार्डांमधल्या प्रत्येक वेज फटक्याची नोंद सुरू केली: होलमधला झेंडा किती लांब, कुठला फटका, ताकद किती, जमीन कशी, डिंग झालं की नाही, चेंडू शेवटी झेंड्यापासून किती फुटांवर आणि कुठल्या बाजूला. चाळीस फटके होईपर्यंत काहीही बदलायचं नाही, असं ठरलं. हे फार अवघड गेलं. प्रत्येक वाईट फटक्यानंतर काहीतरी बदलावंसं वाटतंच.

चाळिसांचा हिशेब असा निघाला. दहा फुटांच्या आत 7. आखूड 21. पुढे गेलेले 8. बाजूला गेलेले 4. झेंड्यापासून सरासरी 26 फूट. पण खरी गोष्ट वेगळ्याच रकान्यात होती. चाळीसपैकी 17 फटक्यांना अचूक डिंग झालं होतं आणि त्या 17 पैकी 12 तरीही वाईट होते. म्हणजे हात बरोबर चालला होता आणि चूक हात हलवण्याच्या आधीच झालेली होती. माझं निदान मी मुकाट्याने मागे घेतलं.

रफमधली टक्केवारी

आखूड पडलेल्या 21 पैकी बरेच रफमधले, म्हणजे लांब गवतातले होते. चेंडू गवतात असला की गेम '20-30 टक्के' असा आकडा दाखवतो. साधारण तितकी ताकद गवत खाणार, असा त्याचा अर्थ. मामा मधला 25 धरत आणि तेवढे वाढवत. 40 यार्ड मारायचे, 25 टक्के वाढवले, 50 ची ताकद लावली. वहीत तसे फटके एकाखाली एक होते आणि प्रत्येक फटका दोन-तीन यार्ड आखूड.

मी पेन घेऊन बसलो आणि लिहिलं: 50 चे 25 टक्के गेले, उरले 37.5. मामा त्या ओळीकडे बघत राहिले. जे गवत खाणार ते मोठ्या आकड्यातून खाणार, हे त्यांनी धरलंच नव्हतं. 40 हवे असतील तर 40 ला 0.75 ने भागायचं, म्हणजे 53 यार्डांची ताकद. वाढ 25 टक्क्यांची नाही, 33 टक्क्यांची. "आयुष्यभर लोकांच्या वाटण्या केल्या आणि हे चुकलं," एवढंच बोलले आणि चहा सांगायला आत गेले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटली होती: 10 टक्क्यांना 11, 20 ला 25, 25 ला 33, 30 ला 43, 40 ला 67. डावीकडे गवत खातं ते, उजवीकडे आपण वाढवायचं ते. या प्रकरणातली सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती हीच.

पट्टीवरचा एक मिलिमीटर

यानंतरचा शोध पूर्णपणे मामांचा. मला तो सुचला नसता, कारण स्क्रीनवर स्टीलची फूटपट्टी लावून बघायची बुद्धी मला झाली नसती. त्यांनी ब्राउझरचं झूम कमीजास्त करत ताकदीची पट्टी बरोबर दहा सेंटीमीटर लांबीची करून घेतली. आता एक मिलिमीटर म्हणजे एक टक्का.

त्यांची 60 अंशांची वेज पूर्ण फटक्याला 80 यार्ड जायची. त्याच वेजचा पिच निवडला तर भरलेली पट्टी 50 यार्डांची. आता समजा झेंडा 30 यार्डांवर आहे. पूर्ण फटका घेतला तर पट्टीवर साडेसदतीस मिलिमीटरला सोडावं लागतं आणि तिथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे 0.8 यार्ड, जवळजवळ अडीच फूट. पिच घेतला तर साठ मिलिमीटरला सोडायचं आणि मिलिमीटरची चूक दीड फुटात आवरते. मामांचं बोट साधारण दोन मिलिमीटर इकडेतिकडे व्हायचं. पाच फूट की तीन फूट, एवढा तो फरक. नुसता फटक्याचा प्रकार बदलून दोन फूट वाचले, कौशल्य तेवढंच राहून.

भूमापकाला हे पटवावं लागत नाही. लहान जागेचा नकाशा मोठ्या प्रमाणावर काढतात, तसंच हे. मामा आजवर सवयीने पूर्ण फटकाच घेत होते, कारण गेम सुरू केल्यावर तोच आधी निवडलेला असतो. आता नियम झाला: शक्यतो ज्या प्रकारात पट्टी निम्म्यापेक्षा जास्त भरावी लागेल तोच घ्यायचा. एक अडचण राहते. पूर्ण फटक्याला चेंडूवर उलटी फिरकी चांगली बसते आणि तो टप्प्यावर थांबतो. पिचला ती कमी, चेंडू पुढे घरंगळतो. खऱ्या मैदानावरही काठी हळू फिरली की फिरकी कमीच मिळते. त्यामुळे अचूकता मिळाली, पण घरंगळण्याचा हिशेब मागे लागला.

गोटी आणि गल

इथे आम्ही सगळ्यांत जास्त दिवस काढले, आणि माझ्या मते खरं प्रकरण हेच होतं.

मामा नेम झेंड्यावर धरत. गेमही ते सोपं करून देतो. झेंड्याचं अंतर आयतं लिहून येतं, 44 यार्ड, आणि माणूस 44 ची ताकद लावतो. पण चेंडू हवेत जातो ते अंतर वेगळं आणि जमिनीवर पुढे जातो ते वेगळं. वहीत आम्ही नवे दोन रकाने पाडले, एक 'पडला' आणि दुसरा 'थांबला'. गेम फटक्यानंतर चेंडूचा मार्ग दाखवतो, त्यावरून पडल्याची जागा अंदाजाने लिहिता येते. आठवडाभर मामा फेऱ्या मुद्दाम वाया घालवायचे. दुसरा फटका जाणूनबुजून आखूड मारायचा, म्हणजे झेंडा तीस-चाळीस यार्डांवर राहतो, आणि मग वहीचं काम. गुण बघून त्यांच्या ऑनलाइन ओळखीच्यांनी तब्येतीची चौकशी केली.

मी त्यांना सांगितलं, "मामा, लहानपणी गोट्या खेळताना तुम्ही गोटी गलीत टाकायचा का गलीच्या अलीकडे?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हा प्रश्न विचारायला मी साठ वर्षं उशिरा आलोय. अलीकडे टाकायची, उतार बघून, आणि घरंगळत जाऊ द्यायची, हे त्यांना माहीत होतंच. फक्त स्क्रीनवर ते आठवलं नव्हतं.

तेव्हापासून भाषा बदलली. 'झेंडा 44' असं म्हणायचं नाही. 'पाडायचा 39 ला' असं म्हणायचं. आणि मामांनी त्यात आपलं माप घुसवलं. जुन्या मोजणीतली साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची. 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा. यार्डांत एक साखळी बरोबर 11 यार्ड. म्हणून 44 यार्डांवरचा झेंडा म्हणजे चार साखळ्या, आणि एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. त्यांना डोळ्यांनी अंतर साखळीतच दिसतं. मला फोनवर सांगायचे, "साडेतीन साखळ्यांवर पाडला, आठ आणे घरंगळला." मी यार्डांत करून घ्यायचो.

गंमत म्हणजे 33 फूट हा आकडा गोल्फमध्येही आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की साधारण 33 फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात, आणि आठ फुटांवरून निम्मेच पट होलमध्ये जातात. मामांचा 26 फुटांचा सरासरी आकडा एका साखळीच्या आतच होता. म्हणजे फार वाईट नव्हता, पण तिथून एका पटात आटपेल अशी आशाही नव्हती. आठ फुटांच्या जवळ यायला हवं होतं.

वहीवरून हळूहळू एक कोष्टक तयार झालं. नासामध्ये काम केलेले आणि नंतर गोल्फ शिकवणारे डेव्ह पेल्झ खऱ्या खेळाडूंना हेच करायला लावत. हात घड्याळातल्या साडेसात, नऊ आणि साडेदहाच्या काट्यांपर्यंत न्यायचा, प्रत्येक वेजची तीन अंतरं पाठ करायची, चार वेज म्हणजे बारा अंतरं. आमच्याकडे काट्यांच्या जागी मिलिमीटर होते. पिचला 40, 60, 80 आणि भरलेली पट्टी, एवढ्या चार खुणा मामांनी पाठ केल्या. मधलं अंतर आलं तर दोन खुणांच्या मधोमध.

चढ-उतार

गेम झेंडा किती फूट वर किंवा खाली आहे ते सांगतो. मामांनी कुठूनतरी उचललेला ठोकताळा होता: तीन फूट चढ असेल तर एक यार्ड जास्त. तो सगळ्या फटक्यांना लावत. 45 अंशांत खाली येणाऱ्या चेंडूसाठी हा हिशेब चोख आहे, कारण तीन फूट वर असलेली जमीन त्याला तीन फूट आधी भेटते. पण फ्लॉप 60 अंशांच्या आसपास कोसळतो असं धरलं, तर तोच चढ त्याचे पावणेदोन फूटच खातो. आणि बसका चिप 30 अंशांत येत असेल तर पाच फुटांहून जास्त. हे मामांनी कागदावर त्रिकोण काढून मला समजावलं, मी त्यांना नाही. गेममध्ये उतरण्याचा कोन मोजून मिळत नाही, म्हणून आम्ही नजरेनेच तीन वर्ग केले: उंच, मध्यम, बसका. तेवढं पुरलं.

वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. उंच फटका जास्त वेळ हवेत राहतो, म्हणून त्याला वारा जास्त लागतो. वारा जोराचा असेल तर फ्लॉप मारू नये. एवढ्यावर आम्ही थांबलो.

सेंट अँड्र्यूजचं अठरावं होल

एक होल मात्र स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे, कारण तिथे आमचं कोष्टक आपटलं. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं शेवटचं होल 357 यार्डांचं, रुंद, बिनकामाच्या अडथळ्यांशिवाय. नवख्याला वाटतं, दिवाळीचा फराळ आहे. पण ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पुढच्या डाव्या बाजूला एक खोलगट आहे, 'व्हॅली ऑफ सिन', मराठीत पापाची घळ म्हणा. झेंडा त्या घळीच्या जरा मागे असला की आखूड पडलेला चेंडू चढावरून परत घळीत येतो.

मामा कोष्टकाप्रमाणे चार साखळ्यांवरून पिच मारायचे, झेंड्याच्या पाच यार्ड अलीकडे पाडायचा असा हिशेब धरून. पाडायची जागा घळीच्या बरोबर चढावर यायची. चेंडू पडायचा, विचार करायचा आणि मागे यायचा. लागोपाठ चार फेऱ्या. वहीत त्या चार ओळींपुढे मामांनी लाल पेनने एकच शब्द लिहिलाय, 'परत'.

मी त्यांना 1995 ची गोष्ट सांगितली. 'द ओपन' या ब्रिटनमधल्या मोठ्या स्पर्धेत इटलीच्या कोस्टान्तिनो रोक्काला याच होलवर बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, हवी होती. ती मिळाली की जॉन डेलीशी बरोबरी झाली असती. त्याने चिप मारला तो इतका आखूड की चेंडू सरळ घळीत. मग तिथून त्याने पटर (पट मारायची काठी) घेतला आणि साधारण 65 फुटांवरून चढावर पळवत चेंडू होलमध्ये घातला, आणि जमिनीवर पालथा पडला. बरोबरी फोडायला झालेल्या प्लेऑफमध्ये डेली जिंकला, पण लोकांच्या लक्षात रोक्काच राहिला.

मामांनी यातून घ्यायचं ते बरोबर घेतलं. झेंडा घळीमागे असेल तर पाडायची जागा झेंड्याच्या दोन यार्ड पलीकडे, म्हणजे थोडा मोठा पट उरेल पण चेंडू परत येणार नाही. आणि वीस यार्डांच्या आत असलो तर वेज पिशवीत ठेवून पटर. वेज सुधारायला बसलेल्या माणसाने वेज न वापरणं मला खटकलं होतं. मामांना अजिबात नाही. "जिथे साखळी टाकता येत नाही तिथे दोरी धरायची," हे त्यांचं उत्तर.

दुसरे चाळीस

जानेवारीअखेर दुसरे चाळीस फटके भरले. दहा फुटांच्या आत 19. आखूड 9. पुढे गेलेले 10. बाजूला 2. सरासरी 26 वरून 13 फूट. आखूड आणि पुढे यांचे आकडे जवळजवळ सारखे झाले, याचं मला जास्त समाधान वाटलं. चूक दोन्ही बाजूंना सारखी पडते तेव्हा ती बोटाची असते, हिशेबाची नसते.

फेरीमागे साधारण दोन फटके वाचले. मामांना चार-पाचची अपेक्षा होती आणि ते नाराज झाले. पण अठरा होलांमध्ये असे वेज फटके सहा-सातच येतात. त्यातल्या प्रत्येकाने तेरा फूट जवळ आणलं म्हणून प्रत्येक वेळी पट जातो असं नाही. आता त्यांच्या पटांचीच वही सुरू करावी लागेल, असं मी म्हटलं. त्यांनी विषय बदलला.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. पहिल्या वहीत ग्रीनचा वेग लिहायचा रकाना नव्हता. एका स्पर्धेत ग्रीन नेहमीपेक्षा खूप वेगवान होते आणि कोष्टकातला आठ आणे घरंगळणारा पिच दीड साखळी पुढे निघून गेला. ग्रीनचा वेग मोजायची खरी साधनं जगात आहेतच. एडवर्ड स्टिम्पसनने 1935 च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकेतल्या ओकमाँट मैदानाचे ग्रीन पाहून एक साधी पन्हळ बनवली. ती ठरावीक कोनात उचलली की चेंडू सुटतो आणि तो किती फूट घरंगळतो तो ग्रीनचा वेग. गेम तर हे आयतं लिहूनच देतो. आम्ही वाचत नव्हतो. आता कोष्टकाची दोन पानं आहेत, साध्या ग्रीनचं आणि वेगवान ग्रीनचं.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला. साठवलेल्या क्रेडिटमधून त्यांनी नवी वेज घेतली, चार अंश जास्त कोनाची. कारण विचारलं तर म्हणाले, दिसायला बरी होती. तिची अंतरं अर्थातच वेगळी. तीन महिन्यांचं कोष्टक एका खरेदीत रद्द. मला वाईट वाटलं. त्यांना बिलकुल नाही. नवी वही आणलीय, पहिल्या पानावर तारीख टाकलीय, बारा फटके झालेत. लाईट राहिली तर उद्यापर्यंत वीस होतील.